भाऊ सदनचा भ

अनिरुद्ध तांबे यांनी काढलेल्या अक्षरांत औषधालासुद्धा गोलाई सापडत नसे, आणि ही गोष्ट ते घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी सांगत.

अक्षरं काढणं हा काही तांब्यांचा पोटापाण्याचा उद्योग नव्हे. पोटासाठी ते एका खोकी छापणाऱ्या कंपनीत डिझायनर होते. औषधाच्या खोक्यांवर 'लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे' वगैरे मजकूर मुंगीच्या पावलाएवढ्या टायपात बसवायचा, हे त्यांचं काम. दिवसभर असं बारीक बसवलं की माणसाला घरी येऊन काहीतरी जाड करावंसं वाटतं. काहीजण भजी करतात. तांब्यांनी फॉन्ट केला.

फॉन्टचं नाव 'पहार'. जाड, उभट, एकमेकांना खेटून उभी असलेली अक्षरं. जिथे वळायचं तिथे न वळता सरळ कोन करायचा, आणि डोक्यावर एकच दणदणीत रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कित्येक वर्षांचे रविवार तांब्यांनी या पहारीवर घातले होते. "उभट का?" असं कोणी विचारलं तर ते खिडकीबाहेर हात करत. "मुलुंडमध्ये आडवं पसरायला जागा कुणाला आहे? मग अक्षरानं तरी का पसरावं?" आणि "कोन का?" असं विचारलं तर, "गोल वस्तू कोपऱ्यात बसत नाही" म्हणत ते जेवणाच्या टेबलाकडे बघत. हे टेबल हेमांगीच्या माहेरहून आलेलं, गोल, आणि त्याच्यापायी तांब्यांच्या बाल्कनीचं दार लग्नापासून अर्धंच उघडत होतं. म्हणजे पहारीच्या मुळाशी सासुरवाडीचा काही वाटा होता असं म्हणायला हरकत नाही.

पण फॉन्ट कॉम्प्युटरात असून काय उपयोग? गाण्याची चाल कितीही चांगली असली तरी कोणीतरी ती म्हटल्याशिवाय ते गाणं होत नाही. तांब्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपली पहार एकदा, एकदाच का होईना, खऱ्या रस्त्यावर, खऱ्या भिंतीवर लागलेली त्यांना बघायची होती. आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं ती मान वर करून वाचायला हवी होती.

तो योग इमारतीच्या रंगकामामुळे आला. भाऊ सदनला नवा रंग लागला आणि नव्या रंगावर जुनी पाटी फारच केविलवाणी दिसायला लागली. ही इमारत ज्यांच्या नावाची ते भाऊ राऊळ केव्हाच गेले. पण सगळ्यांना एकत्र करून, कचेऱ्यांचे उंबरे झिजवून ही सोसायटी उभी केली ती त्यांनीच, म्हणून ते गेल्यावर शेजाऱ्यांनी इमारतीला त्यांचं नाव दिलं. त्यांच्या पत्नी प्रेमाकाकू तळमजल्यावर, गेटाला लागूनच्या खोलीत राहत. त्यांच्या खिडकीत बसलं की गेटवरची पाटी तिरपी दिसे, आणि काकू बहुतेक वेळ त्या खिडकीतच असत.

पाटीसाठी कमिटीची मीटिंग भरली. सेक्रेटरी मितेश शहा यांची अट एकच होती की नाव थेट बसस्टॉपवरून दिसलं पाहिजे. पाट्या बनवणारे गुणाजी आपला आल्बम घेऊन आले होते. त्यातली सगळी अक्षरं नुकतीच पंगतीवरून उठल्यासारखी गोल होती, आणि गेटाच्या दोन खांबांमधली जागा अरुंद. ती गोल अक्षरं त्या जागेत मावायला एवढी लहान करावी लागत होती की इमारत आपलं नाव कुजबुजत असल्यासारखं वाटे. तांब्यांनी हळूच लॅपटॉप उघडला. पहार त्या जागेत ताडकन उभी राहिली. गुणाजींच्या अक्षरांच्या दुप्पट उंच, आणि दोन्ही बाजूंना बोटबोट जागा राखून.

"अनिरुद्धभाई," मितेश म्हणाले, "हा तर बसस्टॉप काय, नाहूर स्टेशनवरून दिसेल. तुम्ही फॉन्टचा काय घेणार?"

"काही नाही."

"मग एकदम झकास आहे," मितेश म्हणाले, आणि पहारीच्या सौंदर्याची चर्चा तिथेच संपली.

सल्ल्यांची संपली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्यांना पाटीच्या दोन्ही टोकांना समया हव्या होत्या. चौथ्यावरच्यांना कमळ. वास्तुशास्त्राचा कोर्स केलेल्या एका गृहस्थांनी अक्षरांची टोकदार टोकं खाली रोखलेली असू नयेत, रहिवाशांना पोटाचे विकार होतात, असं सांगितलं. तांब्यांनी प्रत्येकाचं म्हणणं मान डोलवत ऐकलं आणि त्यातलं काहीही केलं नाही. कलावंताला एवढं करावंच लागतं.

आक्षेप खरा असा एकीनंच घेतला, आणि ती घरातलीच होती. हेमांगी पहिलीच्या वर्गाला शिकवायची. गोल टेबलावर घेवडा निवडता निवडता तिनं स्क्रीनकडे पाहिलं.

"हा भ आहे की म?"

"भ आहे, हेमांगी."

"मग त्याचं डोकं बंद का?"

"बंद नाहीये. फट आहे. नीट बघ ना."

हेमांगीनं चष्मा लावला, उठून जवळ आली, चष्मा काढला, आणखी जवळ गेली. "ही? अरे, ह्यातनं मुंगी जायची नाही. मी वर्गात पहिल्या दिवशी काय सांगते माहितीये? म चं डोकं झाकलेलं, भ चं डोकं उघडं. तू दोघांनाही झाकून ठेवलंस."

"मोठी फट ठेवली की वरची रेघ तुटते. पहारीला खाच पडत नाही, हेच तर तिचं वैशिष्ट्य आहे. आणि तुझा वर्ग सहा वर्षांच्या मुलांचा आहे."

"चालत्या बसमधनं वाचणारा प्रत्येकजण सहाच वर्षांचा असतो," हेमांगी म्हणाली आणि घेवड्याकडे वळली.

तांबे दुखावले. बायकोनं फॉन्टला नावं ठेवणं एक वेळ चालतं, पण इतक्या नेमकेपणानं ठेवू नयेत. त्यांनी फट होती तेवढीच ठेवली, आणि फाइल गुणाजींकडे धाडली.

पाटी लागली तो दिवस तांब्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता. हेमांगीला सांगताना त्यांनी तो लग्नाच्या दिवसाखालोखालचा म्हटला असता. प्रेमाकाकूंनी नारळ वाढवला, पडद्याची दोरी ओढली, आणि काळ्याभोर पत्र्यावर पांढरीशुभ्र पहार उभी राहिली. आतले दिवे लागले तशा टाळ्या पडल्या. मितेशनी भाऊंविषयी चार शब्द सांगितले, ते बहुतेक गेल्या वर्षीच्या ध्वजवंदनातले होते. काकू पाटीकडे बघत राहिल्या आणि पदरानं डोळे टिपून आत गेल्या. जमलेल्या प्रत्येकानं ते नाव अगदी बरोबर वाचलं, कारण जमलेल्या प्रत्येकाला ते आधीपासून माहीत होतं.

माहीत नसलेला पहिला माणूस दुसऱ्या दिवशी आला. तो पार्सलवाला होता.

"सर, मैं माऊ सदन के नीचे खडा हूं," तो फोनवर म्हणाला. "आपका भाऊ सदन किधर आता है?"

"अरे, वही है," तांबे म्हणाले. "ऊपर देखो. भाऊ लिखा है."

"नहीं सर. इधर माऊ लिखा है. बडा बडा लिखा है."

बडा बडा लिखा है, यातला अर्धा भाग ऐकून तांब्यांना बरं वाटलं. दुसऱ्या अर्ध्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. परप्रांतातला माणूस, त्याला भ आणि म यांतला फरक काय कळणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. संध्याकाळी मात्र रिक्षावाल्यानं, तोही चांगला संगमनेरचा, "माऊ सदनापाशी सोडू ना साहेब?" असं विचारलं, तेव्हा ती समजूत ढिली झाली.

तांबे शास्त्रीय वृत्तीचे होते. सुट्टीच्या दिवशी ते समोरच्या फुटपाथवर उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना "जरा ती पाटी वाचता का?" असं विचारू लागले. मुलुंडमध्ये माणसं सहसा कशालाही नाही म्हणत नाहीत, फक्त थांबत नाहीत. चालता चालता सगळ्यांनी वाचली. माऊ. माऊ. माऊ सदन. एका आजोबांनी "मांजरांचं दिसतंय काहीतरी" असा अर्थही सांगितला. शेवटी एका तरुणानं स्पष्ट "भाऊ सदन" म्हटलं तेव्हा तांब्यांना त्याला मिठी मारावीशी वाटली. तो प्रेमाकाकूंचा भाचा निघाला. फराळाचे डबे परत करायला आला होता.

मग तांब्यांनी शिडी लावून पाटी जवळून बघितली. भ च्या डोक्यावरची ती नाजूक, मोजून राखलेली फट तिथे नव्हती. ती कसल्याशा पांढऱ्या लोण्यासारख्या वस्तूनं गुळगुळीत भरून टाकलेली होती. तांबे तसेच गुणाजींच्या गाळ्यावर गेले.

"सिलिकॉन आहे," गुणाजी म्हणाले. त्यांना यात काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं. "फट होती, बुजवली."

"अहो, ती फट नव्हती, ते अक्षर होतं!"

"तांबे, मी पाट्या लावतो. पाटीत फट राहिली की पाणी शिरतं, पाणी शिरलं की दिवे जातात, दिवे गेले की तुमचा सेक्रेटरी माझ्या डोक्यावर येऊन बसतो. मुंबईत फट दिसली की बुजवायची. भिंतीची असो नाहीतर भ ची." एवढं बोलून त्यांनी चहा मागवला. "आणि खरं सांगू? एवढीशी फट कोण मुद्दाम ठेवतं? मला वाटलं तुमचा हात हलला."

तांब्यांनी तो चहा घेतला नाही. अपमान झालेल्या माणसानं चहा घेऊ नये असा त्यांचा नियम होता. पण चहा चांगला असतो हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे अपमान दुप्पट झाला.

आता खरं म्हणजे ब्लेडनं सिलिकॉन खरवडून विषय संपायला हवा होता. तांब्यांनी ते खरवडलं. फट मोकळी झाली. फुटपाथवर जाऊन त्यांनी बघितलं, आणि तिथून त्यांना माऊच दिसलं. दिवे लागल्यावर तर उजेडानं ती फट गिळूनच टाकली. त्या रात्री जेवताना हेमांगीनं 'मी सांगितलं नव्हतं?' असं विचारलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की हा एक चांगुलपणा येतो.

तोवर गोष्ट हाताबाहेर गेली होती. कोणीतरी मोबाइलच्या नकाशावर 'माऊ सदन' अशी खूण टाकली आणि तिला चांगले पावणेपाच तारे मिळाले. मग एका सकाळी गेटाशी खोका सापडला. त्यात मांजराची तीन पिल्लं होती, आणि सोडून जाणाऱ्यानं मोठ्या विश्वासानं खाली मऊ टॉवेल घातला होता. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक खोका. मग मुलुंड कॉलनीतल्या एक बाई कोरड्या खाऊची गोणी घेऊन आल्या आणि "तुम्ही फार मोठं काम करताय" म्हणून मितेशच्या पाया पडल्या. मितेशना मांजर जवळ आलं की शिंका येत. ते शिंकत शिंकत "आम्ही काही करत नाही" सांगत होते, आणि बाई त्यांच्या विनयावर आणखीनच खूश होत होत्या. तिसऱ्या मजल्यावरची कल्पिता पिल्लांना घरं शोधून द्यायला लागली. ती एक देऊन येई, तोवर दोन नवीन आलेली असत.

सल्ले पुन्हा सुरू झाले. पाटीशेजारी भाऊंचा फोटो लावा. भाऊंना मिशी होती, भ ला मिशी काढा. खाली इंग्रजीत भाऊ लिहा, हा सल्ला खुद्द मितेशचा. हा तांब्यांच्या सगळ्यात जिव्हारी लागला. अक्षराखाली अक्षराचा खुलासा लिहायचा म्हणजे माणसाच्या गळ्यात 'हा माणूस आहे' अशी चिठ्ठी बांधण्यासारखं. चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, मग सोसायटीचंच नाव माऊ सदन करून टाका. त्यावर मितेश म्हणाले की नाव बदलायला ठराव, सह्या, स्टॅम्प आणि देव जाणे किती फेऱ्या लागतात, पाटी बदलायला फक्त गुणाजी लागतात. हे वाक्य ऐकून तांबे खाली गेले आणि पाटी जागेवर आहे ना ते बघून आले.

आणि मग सरकारी माणूस आला. सफारी सूट, बगलेत फाइल. त्यानं आल्या आल्या पाटीचा फोटो काढला.

"तक्रार आहे," साहेब म्हणाले. "निवासी इमारतीत विनापरवाना प्राणी संगोपन केंद्र."

"साहेब, हे केंद्र नाही," मितेश म्हणाले आणि शिंकले. "हे भाऊ सदन आहे."

साहेबांनी पाटी बघितली, फाइल बघितली, आणि गेटाच्या कोपऱ्यात एकमेकांवर झोपलेली चार पिल्लं बघितली. "पाटीवर माऊ आहे. फाइलमध्ये माऊ आहे. खाली माऊ आहे. मी काय लिहू?"

"पण पाटीवर भ आहे," तांबे पुढे होऊन म्हणाले. "हा भ माझा आहे. मी काढलाय."

"तुम्ही काढलाय?" साहेबांनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "मग तुम्हीच सांगा ना, का काढलात?" हे ते रागानं म्हणाले नाहीत. खरोखर कळून घ्यायचं असल्यासारखं म्हणाले, आणि तांब्यांनी नेहमीसारखा हात बाहेर केला, तो नेमका पिल्लांकडे गेला. पंधरवड्यानं पुन्हा पाहणीला येतो, परवाना तरी दाखवा नाहीतर मांजरं तरी दाखवू नका, असं बजावून साहेब गेले.

त्याच संध्याकाळी गच्चीवर सगळ्या सभासदांची सभा भरली. विषय एकच, पाटी उतरवणे. ठराव मितेशनी वाचला, गुणाजींची गोल अक्षरं लावायची असं त्यात होतं. तांबे उभे राहिले. पहारीची उंची, बसस्टॉपवरून दिसणं, दोन खांबांमधली जागा, असं बरंच ठरवून आले होते. पण बोलायला तोंड उघडणार तोच मागच्या खुर्चीतून प्रेमाकाकूंचा मालवणी आवाज आला. त्या सभेला कधी येत नसत. जिने चढून आल्या होत्या.

"अनिरुद्धा. माझ्या घोवाक तू बोको करून टाकलंस रे मेल्या."

काकूंच्या नवऱ्याचा बोका झालेला ऐकून गच्चीवर कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं, कारण काकू हसत नव्हत्या.

"माका मांजरांचा काय नाय," त्या म्हणाल्या. "मांजरा गरीब असतत. पण मी खिडकेत बसतंय आणि रस्त्यारची पोरा माऊ माऊ करीत जातत. ह्या नाव त्येंचा हा. त्येंच्या नावान अजून काय ऱ्हवला? एक पाटी ती." मग त्यांनी हात वर करून स्वतःच्या डोक्यावरून फिरवला. "जल्मात ह्येंनी टोपी घातल्यानी नाय. लग्नात सुद्धा बोडकेच उभे ऱ्हवले, माझो बापूस चिडलो. आणि तू त्येंच्या डोक्यार छप्पर घातलंस."

तांब्यांना लाज वाटली, अगदी मनापासून. आजवर ते भ हे आपलं अक्षर समजत होते. ते भाऊंचं होतं.

"मितेशभाई," ते म्हणाले, "मला एक रविवार द्या. एकच. नाही जमलं तर पाटी मी स्वतः उतरवीन, आणि पहारीचं नाव पुन्हा काढणार नाही."

मितेश काही म्हणणार होते, पण त्यांना शिंक आली, आणि सगळ्यांनी ती संमती समजली.

तो रविवार तांब्यांनी गोल टेबलावर काढला. फट थोडी वाढवून बघितली. माऊ. आणखी वाढवली. माऊच, पण दात पडलेला. प्रश्न फटीचा नव्हताच. वरची रेघ भ च्या डोक्यावरून जायचं सोडत नव्हती, आणि तांबे ती तोडायला तयार नव्हते, कारण ती एक अखंड रेघ म्हणजे त्यांची सगळी मिजास होती. दुपारी हेमांगीनं कुकर उतरवला आणि हात पुसत मागे येऊन उभी राहिली.

"मुलं चुकली की मी काय करते सांगू?" ती म्हणाली. "खोडरबर देते आणि सांगते, घाबरू नको, खोड."

तांब्यांनी खोडलं. फट नाही, रेघच खोडली, भ च्या डाव्या डोक्यावरून पार अर्धीअधिक. खाली उरला तो डावा दांडा, वर काही नसलेला. त्याच्या टोकाला त्यांनी गोल गाठ नाही काढली, पहारीत गोल गाठ कशी असेल? त्यांनी तिथे एक चौकोनी ठोकळा बसवला, किंचित पुढे झुकलेला, आणि त्याच्यावर भरपूर आभाळ ठेवलं. रेघ तुटली होती. पण बाकीची अक्षरं छपराखाली दाटीवाटीनं उभी, आणि पहिलंच अक्षर बोडक्यानं बाहेर. सगळ्यांसाठी कुठल्यातरी कचेरीत जाऊन भांडायला निघाल्यासारखं. तांबे बघतच राहिले. इतकी वर्षं काढलेल्या अक्षरांत यापेक्षा चांगलं अक्षर त्यांनी काढलं नव्हतं.

"हा काय आहे?" त्यांनी विचारलं.

हेमांगी पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे गेली, चष्मा काढला, डोळे बारीक केले. "भ," ती म्हणाली. "आणि मस्त आहे रे."

गुणाजींनी नवीन भ कापून आणला तेव्हा तांबे त्यांच्या शेजारी शिडीवर उभे राहिले. सिलिकॉनची नळी गुणाजींच्या खिशातून निघाली की तांबे खाकरत. शेवटी गुणाजी म्हणाले, "अहो, एवढ्या मोठ्या भगदाडाला मी काय बुजवणार? हे मुद्दाम केलंय ते दिसतंय." त्या दिवशी तांब्यांनी त्यांचा चहा घेतला.

साहेब ठरल्याप्रमाणे आले. कल्पितानं पिल्लांना घरं शोधून दिली होती, एक सोडून. ते प्रेमाकाकूंच्या खिडकीत होतं, पण एका घरात एक मांजर म्हणजे केंद्र होत नाही हे मितेशनी आधीच चौकशी करून ठेवलं होतं. कमिटी गेटाशी उभी राहिली. तांबे जरा मागे. आज पाटी राहणार की उतरणार हे या एका अनोळखी माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून होतं. साहेबांनी रस्ता ओलांडला, समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिले, फाइल उघडली आणि मान वर केली.

"भाऊ सदन," त्यांनी मोठ्यानं वाचलं. फाइलमध्ये बघितलं. पुन्हा वर बघितलं. मग रस्ता ओलांडून परत आले आणि अगदी सहज विचारलं, "हे भाऊ कोण?"

कमिटीतले एकमेकांकडे बघायला लागले. निम्म्यांना सांगता आलं नसतं. इमारतीला हे नाव लागल्यापासून दारात येऊन असं कोणी विचारलंच नव्हतं. खिडकीतून काकूंचा आवाज आला, "माझो घोव. आत येवा, सांगतंय." साहेब फाइल बगलेत मारून आत गेले, आणि काकू सांगायला लागल्या. भाऊंनी बोडक्या डोक्यानं किती उन्हं खाल्ली, कुठल्या कारकुनाशी भांडण केलं, पहिल्यांदा नळाला पाणी आलं तेव्हा सगळ्या इमारतीला कसा शिरा घातला. खिडकीबाहेर हळूहळू सगळी कमिटी गोळा झाली. कोणाच्याही लक्षात आलं नाही की मितेश शिंकायचे थांबले आहेत.

तांबे खिडकीशी उभे होते.

"आणि ह्यो भ," काकूंनी शेवटी खिडकीतून वर बोट केलं, "ह्यो आमच्या अनिरुद्धान काढल्यान."

साहेब बाहेर आले. चपला घालता घालता त्यांनी पाटीकडे एकदा पाहिलं, मग तांब्यांकडे. अक्षराचं वजन, त्याचा तोल, दोन अक्षरांमधली जागा यांवर कोणीतरी जाणकार कधीतरी बोलेल, तेव्हा काय उत्तर द्यायचं याची तांब्यांनी कित्येक रविवार तयारी केलेली होती.

"चांगलाय," साहेब म्हणाले. "लांबून वाचता येतो."

तांब्यांना याहून अधिक काही नको होतं. ते दोन पावलं पुढे झाले आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "साहेब, पुन्हा एकदा म्हणाल का? जरा मोठ्यानं. आमच्या सेक्रेटरींना ऐकू गेलं नाही."